नेम चुकतो कुठे?

गेल्या महिन्यात वाघोलीला धाकट्या भावाकडे गेलो होतो. घरात जरा तंग वातावरण होते. पुतणी पन्नास मीटर नेमबाजीचा सराव करते. सरावाला मिळणारी रायफलच वाकडी आहे, तेव्हा आपल्याला स्वतःची हवी, असा तिचा हट्ट. वहिनींचे म्हणणे, तेवढ्या पैशांत घराचे वर्षभराचे हप्ते फिटतील. भाऊ बिचारा मधल्यामध्ये.

पोरीने पुरावा म्हणून कागदी लक्ष्ये माझ्यापुढे पसरली. गोळ्या मध्याच्या डावीकडे सेंटिमीटरभर, पण एकमेकींना खेटून. मी विचारले, "आणि पहिल्या दहा?" त्या कागदावर त्या अगदी मधोमध होत्या! आता वाकडी रायफल पहिल्या दहा गोळ्यांपुरती सरळ कशी राहील?

वाचकहो, यात गंमत आहे ती अशी. गोळी नळीतून सुटली की लगेच खाली येऊ लागते. पॉइंट टू-टू बोअरची गोळी पन्नास मीटर जाईपर्यंत सुमारे बारा सेंटिमीटर उतरते. म्हणून नळीचा रोख नजरेच्या रेषेहून किंचित वर ठेवलेला असतो. लक्ष्याच्या मध्यावर बारा सेंटिमीटरची एक काडी उभी आहे, असे समजा. नळीचा रोख काडीच्या शेंड्याकडे, आणि गोळी तिथून सरळ खाली, काडीच्या बुडाशी. पण रायफल डावीकडे कलली की काडीही कलते. शेंडा बाजूला जातो. गोळी मात्र सरळच खाली पडते. कल पाच अंशांचा असेल, तर गोळी सेंटिमीटरभर डावीकडे जाते आणि केसभर खाली. दहाचे वर्तुळ अवघे 10.4 मिलिमीटर व्यासाचे! मोठ्या रायफलीने नऊशे मीटरवर मारा केला, तर हीच चूक पाऊण मीटरच्या वर जाते. अंतर वाढले की काडीही लांबते ना!

भावाच्या घराशेजारी नवी इमारत उठते आहे. तिथल्या गवंडीमामांकडून ओळंबा मागून आणला, एका लांबट फळीच्या टोकाला बांधला आणि पोरीला म्हटले, "धर ही रायफलीसारखी." पाच मिनिटे दोरी फळीला समांतर होती. दहाव्या मिनिटाला खांदे दमले, गाल फळीवर रेलला आणि फळी डावीकडे कलली. पोरगी दोरीकडे बघतच राहिली.

म्हणजे कल हा गुन्हाच, असे नव्हे. अनेक नामवंत नेमबाज रायफल चेहऱ्याकडे थोडी कलती धरतात आणि त्याच कलाला साइट जुळवून घेतात. मात्र तो कल पहिल्या गोळीला जेवढा, तेवढाच शेवटच्या गोळीला हवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच पन्नास मीटरवर: गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून. अंतिम फेरीत 451.4 गुण. रायफल आठ किलोपर्यंत जड असू शकते आणि गुण मोजतात दशांशात. तिथे शरीर दमले तरी पवित्रा दमून चालत नाही.

रायफलीची खरेदी तूर्त लांबणीवर पडली आहे. यंदा पाडव्याला लेक बापाला ओवाळील, तेव्हा तबकात पडणार आहे रायफलीवर बसवायची बुडबुड्याची लेव्हल. वहिनींनी ती आनंदाने मंजूर केली. ओळंबा मात्र पोरीने अजून परत केलेला नाही. गवंडीमामा रोज विचारतात.