वहाण आणि पादुका

दरवर्षी तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून पुण्याकडे निघते, ती आमच्या संत तुकाराम नगराशेजारच्या जुन्या हायवेवरून. लोक चपला बाजूला काढतात आणि पालखीतल्या पादुकांपुढे हात जोडतात. पायातलं एक काढायचं आणि पायातल्याच दुसऱ्याला नमस्कार! झालं, डोक्यात किडा वळवळायला लागला.

'वहाण' म्हणजे वाहून नेते ती, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. साफ चूक. मूळ संस्कृत शब्द 'उपानह्'. त्यातला 'नह्' म्हणजे बांधणे. पालीत 'उपाहना' झालं (न आणि ह ची अदलाबदल), मग पुढचा 'उ' गळाला आणि उरली आपली वहाण. पायाला बांधलेली, बस्स. 'पायताण' तर सरळ पादत्राण. 'जोडा' बिचारा नुसती जोडी. लक्ष्मीनारायणाचाही जोडाच, आणि मोर्चात पुतळ्याला मारतात तोही जोडाच!

मुळात कुठेच अपमान नाही. तो आपण घातला. वहाण पायातच बरी, हे ऐकवतात माणसांना. बहुतेकदा बायकांना, नाहीतर वहाण शिवणाऱ्यालाच.

२०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल आणली आणि तिला नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं, तेव्हा आपण केवढे खवळलो. रास्तच होतं, २०१९ पासून कोल्हापुरीला जीआय आहे. पण ती बनवणाऱ्याला आपल्या गावात काय म्हणून हाक मारायचे, तेही आठवा जरा. तो शब्द मी इथे लिहीत नाही.