मुलाखत यंत्राने लिहिली, पण पडताळणी कोणाची?

सर्वोच्च न्यायालयात २१ फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाच्या खटल्याची सुनावणी सुरू असताना पडद्यावर वकिलांचे युक्तिवाद शब्दरूपात उमटू लागले. सुनावणीचे असे यांत्रिक लेखन त्या न्यायालयात प्रथमच होत होते. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी त्याच वेळी त्यातली अडचणही सांगून टाकली. दोघे एकदम बोलू लागले की यंत्राची पंचाईत होते आणि चुका निस्तरण्यासाठी माणसे ठेवावी लागतात. जिथे एका वेळी एकानेच बोलावे असा शिरस्ता आहे आणि कामकाजाची भाषा इंग्रजी आहे, तिथली ही स्थिती. मग एस.टी. स्थानकाबाहेर मोबाइलवर टिपलेल्या मराठी मुलाखतीचे काय, हा प्रश्न पत्रकार, संशोधक आणि मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांना टाळता येणार नाही.

मोह मोठा आहे, हे मान्य करावे लागेल. तासाभराची मुलाखत हाताने उतरवायला चार तास सहज जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये 'ओपनएआय' या अमेरिकी कंपनीने 'व्हिस्पर' ही प्रणाली विनामूल्य खुली केली आणि हे काम काही मिनिटांवर आले. ही प्रणाली ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेली आहे. मात्र त्यातला बहुतांश भाग इंग्रजीचा. इतर सर्व भाषांच्या लेखनाच्या वाट्याला मिळून १ लाख १७ हजार तास आले आणि त्यातही मराठी ही अनेकींतली एक.

अशा प्रणालींची गुणवत्ता 'शब्दचूक दरा'ने मोजतात. चुकलेले, गळलेले आणि जादा घुसलेले शब्द यांची बेरीज करून तिला मूळ शब्दसंख्येने भागायचे. हिशेब सोपा आहे, पण मराठीला तो दोन्ही बाजूंनी फसवतो. 'महानगरपालिकेच्या' हा शब्द यंत्राने तोडून 'महानगर पालिकेच्या' असा लिहिला तर दोन चुका धरल्या जातात. बोललेले 'केलं' 'केले' झाले तरी चूक. अर्थ मात्र दोन्हीकडे शाबूत. उलट 'साहेबांनी पैसे घेतले नाहीत' यातला शेवटचा शब्द गळला, तर मोजणीत चूक एकच. शंभर शब्दांच्या उताऱ्यात अचूकता ९९ टक्के भरते आणि बोलणाऱ्याच्या तोंडी नेमका उलटा आरोप जातो. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि बोलणाऱ्याचा आवाज तिथेच खाली उतरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे धोका केवढा आहे ते कळेल. 'बावन्न' आणि 'बासष्ट', 'पावणेदोन' आणि 'दोन' यांचीही तीच गत.

एरवी गळलेला शब्द ध्वनिमुद्रण ऐकताना सापडतो तरी. घुसलेले वाक्य अधिक घातक, कारण ते वाचताना सुरळीत वाटते आणि संशय येत नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या ॲलिसन कोनेके आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 'व्हिस्पर'च्या सुमारे १ टक्का लेखनांत कोणी न बोललेले शब्दप्रयोग किंवा वाक्ये आढळली. त्यांपैकी ३८ टक्क्यांत हिंसेचा उल्लेख, खोटे संदर्भ असा अपाय करणारा मजकूर होता. चाचणीतील आवाजांत वाचाघाताच्या रुग्णांचे आवाज होते आणि बोलण्यात जितके थांबे अधिक, तितका हा दोष अधिक दिसला. मुलाखत घेणाऱ्यांना यातला अर्थ वेगळा सांगायला नको. कर्जबाजारी शेतकऱ्याचे कुटुंब किंवा दंगलीचा साक्षीदार बोलता बोलता थांबतो, आवंढा गिळतो. यंत्राला तिथे रिकामी जागा दिसते.

कोणाचे बोलणे चुकते, हाही प्रश्न आहेच. कोनेके यांच्याच गटाने २०२० मध्ये पाच बड्या अमेरिकी कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या, तेव्हा गोऱ्या वक्त्यांसाठी सरासरी शब्दचूक दर ०.१९, तर कृष्णवर्णीयांसाठी ०.३५ निघाला. इथे मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्यांच्या वाट्याला काय येईल, याची कल्पना करता येते. मद्रास आयआयटीतील 'एआयफॉरभारत' हा गट भारतीय भाषांतील आवाज जमवतो आहे आणि केंद्राची 'भाषिणी' योजनाही २०२२पासून सुरू आहे. हे प्रयत्न स्वागतार्हच. तथापि, प्रमाणभाषेकडे ओढणाऱ्या यंत्राने आजीचे 'म्या' बदलून 'मी' केले, तर वृत्तपत्राचे फारसे बिघडत नाही. बोलीच्या अभ्यासकाचा पुरावाच जातो.

म्हणूनच विक्रेत्याने सांगितलेल्या टक्क्यांवर न जाता परीक्षा स्वतःच्याच ध्वनिफितींवर घेतली पाहिजे. दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे पुरेत. एक गोंगाटातला, एक बोलीतला, एक अडखळत बोलणाऱ्याचा. ते आधी हाताने उतरवावेत आणि मग नकार, नावे, आकडे व जादा वाक्ये यांच्या चुका वेगळ्या मोजाव्यात. भाषा ओळखण्याचे कामही यंत्रावर सोपवू नये. मराठीचे हिंदी होण्याचा धोका असतो.

याच परीक्षेत आणखी एक रकाना हवा, तो म्हणजे ध्वनिफीत जाते कुठे. इंटरनेटवरील बहुतेक सेवांत ती कंपनीच्या संगणकावर चढवावी लागते. नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर बोललेल्या कर्मचाऱ्याचा आवाज असा बाहेर जाणे म्हणजे त्याला दिलेला शब्द मोडण्यासारखेच आहे. 'व्हिस्पर' स्वतःच्या संगणकावर इंटरनेटविनाही चालते. वेग थोडा कमी मिळेल, पण ध्वनिफीत कार्यालयातच राहील.