कपाटातली आगगाडी आणि आपला डेडस्टॉक



आज एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या शाळेतल्या साहित्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? आणि ते कपाट शेवटचं कधी उघडलं होतं? तपासणीला साहेब आले तेव्हा, की मुलांनी काहीतरी मागितलं तेव्हा? उत्तर मला नाही, स्वतःला द्या.

पालकांसाठीही हाच प्रश्न आहे, फक्त शब्द वेगळे. तुमच्या माळ्यावर, पलंगाखालच्या पेटीत किंवा शोकेसच्या काचेमागे "मोठा झाल्यावर देऊ" म्हणून ठेवलेलं एखादं खेळणं आहे का? असेल तर मूल किती मोठं व्हायची वाट बघताय?

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलांसाठी आणलेली वस्तू मुलांच्या हातात झिजली तर ती सत्कारणी लागली असं मी मानते. कपाटात नवीकोरी राहिलेली वस्तू मात्र वाया गेली. आपण याच्या बरोबर उलट वागतो. जपून ठेवण्याला आपण काटकसर म्हणतो, पण दहा वर्षं न वापरलेल्या वस्तूइतकी महाग वस्तू दुसरी कुठली नसेल.

हे मत हवेतून आलेलं नाही. यंदा आमच्या शाळेत रंगकामासाठी अडगळीची खोली रिकामी केली. तुटके बाक, जुने नकाशे, मापनपात्रांचा संच आणि या सगळ्याच्या मागे दोरीने बांधलेला एक खोका निघाला. आत विजेवर चालणारी छोटी आगगाडी. एक डिझेल इंजिन, तीन डबे आणि रुळांचे तुकडे. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद सापडली, "खेळण्यातील रेल्वे, नग १, देणगी". वर्षानुवर्षं प्रत्येक चार्ज देताना-घेताना तो नग मोजला गेला होता. रजिस्टरप्रमाणे सगळं बरोबर होतं. फक्त एकाही मुलाने ती गाडी पाहिली नव्हती.

आणि आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. माझ्या तिसरी-चौथीच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं कधी आगगाडीत बसलेली नाहीत. पुस्तकातलं चित्र आणि मोबाइलवरचा व्हिडिओ एवढीच त्यांची ओळख. अशा गावात ती गाडी कुलपात होती, याचं मला जास्त वाईट वाटलं.

रूळ पुरले नाहीत, तिथून धडा सुरू झाला

खोक्यावर प्रमाण लिहिलं होतं, १:८७. जगभरातले हौशी लोक या मापाला एच.ओ. म्हणतात. खरी वस्तू ८७ पट लहान केली की हे मॉडेल होतं. मुलांनी पट्टीने इंजिन मोजलं, २० सेंमी भरलं. मग फळ्यावर २० गुणिले ८७ केलं, उत्तर १७४० सेंमी, म्हणजे १७ मीटर ४० सेंमी. एवढी दोरी घेऊन आम्ही मैदानात गेलो. दोन वर्गखोल्यांची भिंत संपली तरी दोरी उरली. "बाई, एवढं मोठं एकटं इंजिन?" मग मी सांगितलं, की हल्लीचा एलएचबी डबा साधारण साडेतेवीस मीटरचा असतो. असे २४ डबे जोडले तर नुसत्या डब्यांची लांबी अर्ध्या किलोमीटरच्या वर जाते. त्या दिवशी मीटर म्हणजे काय हे मुलांना पायांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी रूळ जोडले. वक्र तुकडा ३० अंशांचा, म्हणजे पूर्ण गोलाला १२ तुकडे लागतात. आमच्याकडे ११ निघाले. एक कुठे हरवला कोण जाणे. गोल काही मिटेना. मुलांनी ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, वाचनात मागे, चाचणीच्या तक्त्यात कायम शेवटच्या रकान्यात. ती हळूच म्हणाली, "बाई, गोल कशाला पाहिजे? एसटी कुठं गोल फिरती? जाती नि परत येती."

सगळा वर्ग गप्प झाला. मग आम्ही सरळ आणि वाकडे तुकडे जोडून एक लांब मार्ग केला, दोन्ही टोकांना स्टेशनं. आता प्रश्न आला, गाडी परत कशी आणायची? या गाडीत वीज एका रुळातून इंजिनाच्या मोटारीत येते आणि दुसऱ्या रुळातून परत जाते. त्यामुळे बॅटरीच्या दोन तारांची अदलाबदल केली की मोटार उलटी फिरते आणि गाडी मागे धावते. तारा बदलून बघायची कल्पनाही त्याच मुलीची.

गाडीने जादू वगैरे काही केली नाही, हे स्पष्ट सांगते. ती मुलगी वाचनात आजही मागे आहे आणि आम्ही रोज त्यावर काम करतो. पण ती विचार कसा करते, हे त्या दिवसाआधी कुणालाच माहीत नव्हतं, कारण विचार दिसेल असं काही आम्ही तिच्यापुढे ठेवलंच नव्हतं. आपण मुलाला "अप्रगत" म्हणतो तेव्हा आपल्या कपाटात काय काय बंद आहे, हेही त्याच तक्त्यात लिहायला हवं.

एका खेळण्यातून किती विषय निघतात बघा

परिसर अभ्यास आणि इतिहासाला तर ही गाडी अगदी सोयीची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे अशी आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, अंतर ३४ किलोमीटर. तीन इंजिनं, १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे. मुलांनी एका टोकाला बोरीबंदर आणि दुसऱ्या टोकाला ठाणे अशा पाट्या लावल्या.

पुढच्या आठवड्यात घाट केला. भोर घाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. तिथला सगळ्यात तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. वर्गात ३७ सेंमीला १ सेंमी. रुळाखाली वह्या ठेवत गेलो आणि उंची मोजत गेलो. चढ वाढवत नेल्यावर एका ठिकाणी चाकं जागेवरच फिरायला लागली. लोखंडी रुळावर चाक घसरतं हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. मग खऱ्या घाटात कर्जतहून वर जाताना गाडीला मागून जादा इंजिनं का लावतात, हे सांगावंच लागलं नाही. एका मुलाने डब्यामागे बोट लावलं आणि म्हणाला, "असं ढकलायचं."

पुण्याच्या जवळपास असाल तर मुलांना कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय जरूर दाखवा. १९९८ पासून ते सर्वांसाठी खुलं आहे. तिथे गाड्या नुसत्या काचेत ठेवलेल्या नाहीत, त्या रुळांवर चालवून दाखवतात.

"पण मॅडम..."

आता तुमच्या मनातले प्रश्न. स्टाफरूममध्ये मला हेच विचारले गेले.

पहिला, मोडलं तर भरून कोण देणार? ही भीती खरी आहे आणि तिला मी हसणार नाही. एक नग कमी भरला म्हणून उत्तरं द्यावी लागलेले शिक्षक मी पाहिलेत. म्हणून तर शिक्षक कुलूप लावतो. दोष त्याच्या मनाचा नाही, आपल्या नोंदीच्या पद्धतीचा आहे. मोडक्या वस्तूचं निर्लेखन करायची तरतूद असते, पण त्या कागदपत्रांच्या कटकटीपेक्षा कुलूप सोपं वाटतं. माझी सूचना आहे, की साहित्याच्या वहीत "नग" शेजारी आणखी एक रकाना आखा, "यंदा किती वेळा वापरलं". वर्षातून एकदा शाळा व्यवस्थापन समितीसमोर ती वही वाचा. वापरून झिजलेल्या वस्तूबद्दल कुणी जाब विचारू नये. न वापरलेल्या वस्तूबद्दल मात्र विचारावा.

दुसरा, वेळ कुठून आणायचा? आधीच ऑनलाइन माहित्या भरून जीव मेटाकुटीला येतो. मान्य. पण वर सांगितलेलं सगळं गणित आणि परिसर अभ्यासाच्या तासांतच झालं. गुणाकार, लांबी, कोन, दिशा, वाहतूक हे सगळं पाठ्यक्रमातलंच आहे.

तिसरा, एक गाडी आणि पस्तीस मुलं, कसं जमायचं? गट करा. एक गट रूळ जोडेल, एक मोजेल, एक वेळापत्रक लिहील, एक तिकिटं छापेल. तिकीट खिडकीवरची मुलं सुट्या पैशांचा हिशेब इतका मन लावून करतात, की स्वाध्यायात कधी केला नसेल.

चौथा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. असली महाग खेळणी प्रत्येक शाळेत कुठून येणार? येणार नाहीत, आणि यायची गरजही नाही. ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमिती शिकवली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये लहान मुलांसाठी "जादुई पिटारा" आणला, त्यामागचा विचारही खेळातून शिकणं हाच आहे. मुद्दा साधन स्वस्त की महाग हा नाहीच. काडेपेटीची रिकामी खोकीसुद्धा कपाटात ठेवून कुलूप लावलं तर डेडस्टॉकच.

जुनी गाडी सापडली तर

माळ्यावर किंवा अडगळीत अशी गाडी सापडली, तर मुलांच्या हातात द्यायच्या आधी एवढं करा.

- जुना ट्रान्सफॉर्मर घरच्या प्लगमध्ये लावू नका. वायरचं आवरण तडकलेलं असतं. अशा बऱ्याच गाड्या १२ व्होल्टपर्यंतच्या डीसी विजेवर चालतात, ९ व्होल्टची बॅटरी लावून आधी बघा.
- सेल आत राहून फुटले असतील तर पांढरी पूड दिसते. हातमोजे घालून मोठ्यांनीच साफ करा.
- रूळ सुती कापडाला थोडं स्पिरिट लावून पुसा. पॉलिशपेपरने घासू नका, ओरखड्यांत पुन्हा घाण बसते. रुळांवर तेल नको, चाकाच्या कण्याला मात्र एखादा थेंब चालेल.
- फार जुन्या पत्र्याच्या, चावीच्या गाड्यांच्या रंगात शिसं असू शकतं. तोंडात वस्तू घालणाऱ्या लहानग्यांना त्या देऊ नका. सुटे बारीक भागही मोजून ठेवा.
- इंजिन चाललं नाही तरी टाकू नका. चौथीच्या मुलांना मोटार उघडून दाखवा. बंद इंजिनही बरंच शिकवतं.

पालकांना आणखी एक सांगते. "बाबांची आठवण आहे, हात लावू नकोस" असं म्हणून ठेवलेली गाडी मुलाच्या लेखी फक्त एक वस्तू असते. बाबांनीच जमिनीवर मांडी घालून ती जोडली, तर ती मुलाचीही आठवण होते. मोडेल कदाचित. मग दोघं मिळून फेव्हिक्विकने चिकटवाल, तेही लक्षात राहील.

शिक्षक मित्रांना विनंती, या शनिवारी दप्तराचं ओझं थोडं बाजूला ठेवा आणि मुलांना सोबत घेऊनच कपाट उघडा. काय निघतं त्याची यादी मुलांना करू द्या, काय चालू आहे नि काय बंद आहे हेही त्यांनाच ठरवू द्या. यादीतली एक वस्तू निवडा आणि पुढचा आठवडा ती वर्गातच राहू द्या. आणि हो, कपाटाची किल्ली एकदा वर्गातल्या मुलांच्या हाती देऊन बघा. आमच्याकडे ती आता आठवड्याच्या मॉनिटरकडे असते. अजून तरी हरवलेली नाही.