टेकडीचा तास

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून एम.ए. झाल्या, पण मागची टेकडी एकदाही चढल्या नाहीत, अशा कितीतरी मुली माझ्या ओळखीच्या आहेत. त्यातल्या बऱ्याच आपल्या मोहल्ल्यांतल्या. मुलंही आहेत, पण त्यांना निदान कुणी अडवलेलं नसतं.

नव्या विद्यार्थ्यांसाठी जाणकारासोबत निसर्गफेरी काढायची म्हटलं की नोटीस लागते, ‘इच्छुकांनी नावे द्यावीत.’ हा ‘इच्छुक’ शब्दच मला खटकतो. ज्यांच्या घरी ट्रेकचे बूट आहेत ते इच्छुक. आपल्या मुलीला आधी घरी विचारावं लागतं, आणि ‘डोंगरावर फिरायला जाते’ हे वाक्य अब्बांसमोर टिकत नाही. ‘सकाळी सातला तास आहे’ हे टिकतं. म्हणून माझं म्हणणं, ही फेरी वेळापत्रकात घाला, हजेरी घ्या. त्यासाठी नवा नियम करायची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१९च्या ‘दीक्षारंभ’ मार्गदर्शिकेत नव्या विद्यार्थ्यांना परिसर दाखवावा असं सुचवलेलंच आहे.

आणि दाखवण्यासारखं किती आहे! शहराचं नाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, टेकडी आहे तिथेच आहे. प्रवेशाच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टमध्ये, तिच्यावर गवत उगवलेलं असतं. खाली काळा बेसाल्ट. त्याच दगडात साधारण सहाव्या-सातव्या शतकात बौद्ध लेणी कोरली गेली. लेण्यांपासून खाली पाहिलं की बीबी का मकबरा दिसतो. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात मुरलेलं पाणी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने जमिनीखालच्या नहरीतून, पंप नाही की मोटार नाही, फक्त उताराच्या जोरावर शहरात आणलं. हबशी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेला आणि निजामशाहीचा कारभार हाकणारा हा माणूस. त्याच्या नावाचा अभिमान आपण फेसबुकवर मिरवतो. डोंगर उघडा पडला तर पाणी मुरायचं कुठे आणि नहरीत यायचं कुठून, हे मात्र टेकडीवर उभं राहिल्यावर दहा मिनिटांत कळतं.

मार्गदर्शक कसा हवा? झाडांची लॅटिन नावं घडाघडा म्हणणारा नको. विचारणारा हवा. सोयगाव-कन्नडकडून आलेल्या, तांड्यावर वाढलेल्या मुलांना गवताची जी ओळख असते ती प्राध्यापकालाही नसते. आपल्या पोरींना नानीने शिकवलेली नावं ठाऊक असतात. सीताफळाला घरात ‘शरीफा’ म्हणतात हे वर्गात सांगायला कोणी लाजू नये. पक्षी ओळखायला दुर्बीण लागतेच असंही नाही. सातभाई आणि टिटवी आधी ऐकू येतात, मग दिसतात.

शहरातल्या तलावाला ज्यांचं नाव आहे त्या सलीम अलींना विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे प्राणिशास्त्र सर्वेक्षणात पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नव्हती. पाखरांच्या मागे ते आयुष्यभर हिंडले. आपल्या घरांत अजून निसर्गशास्त्र म्हणजे ‘बी.एस्सी. झालं नाही तर काय करणार’ एवढंच.

सुरक्षिततेचा मुद्दा कोणी काढला तर तो हसण्यावारी नेऊ नये. एकट्या मुलीने तिथे जाऊ नये असं मीही सांगेन. पण वीस-पंचवीस जणांचा गट, सकाळची वेळ, सोबत शिक्षिका, यात अडवण्यासारखं काय आहे? बुरख्याचा तर प्रश्नच नाही. बुरखा घालून चढता येतं, चपला घालून येत नाही.

विभागाने नोटीस लावताना एवढं करावं. निघण्याची आणि परतण्याची वेळ स्पष्ट लिहावी, सोबत येणाऱ्या मॅडमचं नाव आणि फोन नंबरही द्यावा. अम्मी पहिल्यांदा तेच विचारते.