दात्याचे टाके

सातारा वा सांगलीकडच्या एखाद्या घरात डायलिसिस सुरू झाले, की पुढे केव्हातरी मूत्रपिंड प्रत्यारोपणाची गोष्ट निघते आणि बहुधा एका प्रश्नापाशी अडते: देणाऱ्याचे काय? देणारी व्यक्ती पुष्कळदा आई किंवा पत्नी असते. ती निरोगी असते; तिला स्वतःला शस्त्रक्रियेची काहीच गरज नसते. पूर्वी तिच्या कुशीवर वीतभर छेद घ्यावा लागे, प्रसंगी बरगडीचा तुकडाही काढावा लागे. नुसत्या वर्णनानेच घरच्यांचे धैर्य खचे.

१९९५ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे लॉइड रॅटनर व लुई कावूसी यांनी जिवंत दात्याचे मूत्रपिंड प्रथमच दुर्बिणीतून काढले. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा करावयाची, तीन-चार छिद्रांतून कॅमेरा व हत्यारे घालून मूत्रपिंड मोकळे करावयाचे आणि सिझेरियनच्याच जागी, पण लहानशा आडव्या छेदातून ते अखंड बाहेर घ्यावयाचे, अशी ही रीत. शक्यतो डावे मूत्रपिंड निवडतात; त्याची शीर लांब असल्याने जोडणी सोपी जाते. रक्तपुरवठा तोडल्यापासून थंड द्रावणाने धुऊन ते बर्फात ठेवीपर्यंतची मोजकी मिनिटे कसोटीची. दात्याच्या वेदना कमी होतात आणि तो घरकामाला, शेताला लवकर लागतो.

घेणाऱ्याच्या बाबतीत बदल सावकाश आला. नवे मूत्रपिंड जुन्याच्या जागी बसवीत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. ते ओटीपोटात एका बाजूस, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना जोडतात, आणि ही जोडणी बहुतेक ठिकाणी अजून उघड्या शस्त्रक्रियेनेच होते. रोबोटच्या साहाय्याने ती करण्याची पद्धत मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत आहे. स्थूल रुग्णांना तिचा विशेष लाभ होतो. कराडच्या कृष्णा रुग्णालयातही प्रत्यारोपण होते. मात्र कोठेही गेले तरी दात्याची शस्त्रक्रिया कोणत्या रीतीने होणार, हे कुटुंबाने आधीच विचारून घ्यावे. घरात जुळणारा दाता नसेल, तर या दोन्ही जिल्ह्यांतील रुग्णांची नोंद पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे होते.

टाके लहान झाले, म्हणून दान लहान झाले असे मात्र नव्हे. अमेरिकेतील मोठ्या पाहणीत दहा हजार दात्यांमागे सुमारे तिघांचा मृत्यू शस्त्रक्रियेनंतरच्या तीन महिन्यांत झाला. धोका थोडा आहे, शून्य नाही. दात्याने रक्तदाब, लघवीतील प्रथिने व क्रिएटिनिन यांची तपासणी दरवर्षी करून घ्यावी. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. घेणाऱ्याचीच चौकशी सर्व जण करतात, दात्रीची तपासणी राहून जाते.

व्रतस्थ घरांत आणखी एक अडचण येते. पर्युषणातील निर्जळी उपवास दात्याने वा घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. टॅक्रोलिमस हे औषध सामान्यतः बारा तासांच्या अंतराने घ्यावे लागते, आणि सांगलीत हिवाळ्यातला दिवसच जेमतेम अकरा तासांचा! सूर्योदय-सूर्यास्ताच्या मर्यादेत दोन्ही मात्रा बसणे अशक्य. अशा वेळी गुपचूप एक मात्रा गाळणारे रुग्ण हाती आलेले मूत्रपिंड गमावू शकतात. हे औषध दिवसातून एकदाच घ्यावयाच्या स्वरूपातही मिळते. ते आपल्या रुग्णास चालेल काय, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच, संकोच न करता, डॉक्टरांपुढे ठेवावा.