उरलेलं दहा टक्के

मंडळी, घराच्या दुरुस्तीतलं सगळ्यात मोठं खोटं कोणतं? "साहेब, दोन दिवसांत होतंय की ओ!"

होटगीच्या आमच्या जुन्या घराचं काम नव्वद टक्के झालं आणि ठेकेदार दुसऱ्या साइटवर पळाला. बाथरूमचा उतार उलटा, फरशीच्या फटी उघड्या, नव्या गिलाव्याला भेगा. गावाजवळच सिमेंटचा कारखाना आहे, त्यामुळे सिमेंट कमी पडलं नाही. सात दिवस पाणी मारायला मात्र माणूस मिळाला नाही!

लोक म्हणतात, रेरात जा. अहो, २०१६चा रेरा कायदा बिल्डरने विकलेल्या नव्या फ्लॅटसाठी. तिथे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत दाखवलेले कारागिरीचे दोष बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचे. आपल्याच घराच्या डागडुजीला तो लागू नाही. उरतो २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा. जिल्हा आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. पण तिथे पुरावा लागतो, 'तोंडी ठरलं होतं' म्हणून भागत नाही.

आपला क्लायंट तपासल्याशिवाय एक मोड्यूल तरी पास करतो का? मग घरालाच सूट कशाला? कामाची यादी लेखी, पैसे टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचे दहा टक्के बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून बघितल्यावरच.

"विश्वास नाही का साहेब?"

आहे ना. म्हणूनच सही मागतोय. फिनिशिंग ही मेहेरबानी नव्हे, ते ठरलेलं काम आहे.