टाके निघाले, पुढे काय?

तलासरीकडच्या एका आईचा फोन आला होता. मुलीने स्वतःच्याच हाताला जखम करून घेतली होती. टाके निघाले, जखम सुकली. "आता काळजीचं काही नाही ना, टीचर?" असं त्या विचारत होत्या. दवाखान्याचा कागद वाचायला सांगितला, तर शेवटच्या ओळीत 'मानसोपचार विभागात दाखवणे' असं लिहिलेलं निघालं. त्या ओळीकडे घरात कुणी पाहिलंच नव्हतं. आपल्याकडे माणसं लगेच ओळखू येतात, म्हणून यापेक्षा जास्त सांगत नाही.

आधी जखमेचं बोलू. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का, टाके कोणत्या तारखेला काढायचे, हे दोन प्रश्न निघताना विचारून घ्यावेत. लाली पसरू लागली, सूज किंवा पू आला, ताप चढला तर तारखेची वाट पाहू नये. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर त्याच दिवशी जावं, कारण आतली नस किंवा स्नायूची दोरी दुखावलेली असू शकते. हळद, चुना, टूथपेस्ट यांतलं काहीही जखमेवर लावू नका. पट्टी भिजवायची नसेल तर वुजू करताना तिच्यावरून ओला हात फिरवण्याची, म्हणजे मसहची, सवलत आपल्या फिक्हमध्ये आहे. शंका वाटली तर मौलानांना जरूर विचारा, पण जखम कशी झाली हे त्यांना सांगायची काही गरज नाही.

डॉक्टरांना मात्र खरं सांगावं लागतं. "काचेवर पडली" असं सांगितलं की ते टाके घालतात आणि घरी पाठवतात, त्यांचा इलाज तिथेच संपतो. हे खोटं बहुतेक वेळा पोलिसांच्या भीतीने बोललं जातं. दवाखान्यात अशा जखमेची पोलिसांकडे नोंद होऊ शकते, हे खरं आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याला इलाज मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. शिवाय मानसिक इलाजाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मुलीच्या लग्नाची काळजी वाटणाऱ्या आयांनी हे लक्षात ठेवावं.

स्वतःला जखम करणाऱ्या प्रत्येकाला मरायचंच असतं असं नाही. मनातला कोंडमारा असह्य झाला म्हणूनही मुलं असं करतात. पण एकदा असं झालं की पुढचा धोका वाढतो, आणि तो टाके निघाले म्हणून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला होता, त्यात आपलं चेन्नईही होतं. जीव द्यायचा प्रयत्न करून दवाखान्यात आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचा इलाज दिला. दुसऱ्या गटाशी त्याशिवाय तासभर बोलणं झालं, आणि घरी गेल्यावर दीड वर्षात नऊ वेळा फोन करून किंवा भेटून विचारपूस केली. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, नंतर चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. नेहमीच्या इलाजाच्या गटात पुढे आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के. यात महागडं औषध कुठेच नव्हतं. मला हा अभ्यास फार मोठा वाटतो, कारण अशी विचारपूस तर एखादी खालाही करू शकते.

म्हणून ती शेवटची ओळ टाळू नका. डहाणू आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या वारी भेटतात ते तिथेच विचारा. आपल्यातले बरेच जण सिल्वासा किंवा वलसाडला जातात, तेही चालेल, फक्त तिथले कागद जपून ठेवा. जाण्यायेण्यात एका दिवसाची मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. मधल्या दिवसांत '१४४१६' हा टेली-मानसचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत बंद करू नयेत. रमजानात सहरी-इफ्तारची वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

घरात "असं का केलंस?" हा प्रश्न रोज विचारला जातो. त्याचं उत्तर बहुतेक मुलांकडे नसतं. "आज मनात तसं काही येतंय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने नसलेला विचार मनात येत नाही. दादी लगेच गुनाहचं बोलू लागली तर तिला हळूच बाजूला घ्या. लेकरू आधीच शरमेने अर्धं झालेलं असतं. दुआ करावी, दम करून घ्यायचा तर घ्यावा, पण त्यासाठी डॉक्टरांची तारीख चुकवू नये. घरातली औषधं, धारदार वस्तू, आणि चिकूची वाडी असेल तर फवारणीची औषधंही कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवावीत. पूर्ण बाह्यांच्या कपड्यांत हात दिसत नाहीत, म्हणून पट्टी बदलताना आईने स्वतः बसावं. त्या पाच मिनिटांत मुलं पुष्कळ बोलतात.

शाळेत अख्ख्या स्टाफरूमला सांगू नका, मुलीचा विश्वास असलेल्या एकाच शिक्षिकेला सांगा. कुणाला सांगायचं ते तिलाच विचारा. पीटीच्या तासाला बाह्या वर करायला लागू नयेत, एवढं ती शिक्षिका बघेल. आणि ते नऊ दिवस आज रात्रीच कॅलेंडरवर मांडून घ्या. कोणत्या दिवशी मामू फोन करणार, कोणत्या दिवशी आपा घरी येणार, तेही शेजारी लिहा.